सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या : जुन्या धरणास नवीं दारें

आमच्या पुसद तालुक्यांतील कोणत्याहि गांवीं गेलें असतां शेतांत एखादी तरी जुनी विहीर दृष्टीस पडते. आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळीं तिच्यावर मोट चालत असे. पुढें मोट गेली व तेलावर चालणारें इंजिन आलें. तें जाऊन विजेचा पंप आला. आणि अलीकडे कांहीं ठिकाणीं उन्हावर चालणारा पंपहि दिसूं लागला आहे. विहीर मात्र तीच आहे. तिचें दगडी बांधकाम तेंच, पायऱ्या त्याच आणि तळाचा झराहि तोच. पाणी उपसण्याचें साधन तेवढें तीन वेळां बदललें. विहीर जुनी झाली म्हणून ती बुजवून शेजारीं दुसरी खणण्याचें कोणा शहाण्या शेतकऱ्याच्या मनांत आलें नाहीं. आणि विहीर जुनी आहे म्हणून तिच्यावर मोटच चालली पाहिजे असा हट्टहि कोणीं धरला नाहीं.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहों. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या मनांत असें असतें कीं, मोठें काम म्हणजे अगदीं नवें काम. जुन्या यंत्राची दुरुस्ती करणें किंवा जुन्या इमारतींत नवी सोय करणें हें काम गवंड्याचें व मिस्त्रीचें, त्यांत बुद्धीचें काय आहे, असें त्यांस वाटतें. ही समजूत दूर व्हावी म्हणून यंदाच्या अंकांत आम्ही एका थोर इंजिनियराचें चरित्र देत आहों. त्यांनीं नवीं कामेंहि पुष्कळ केलीं. परंतु त्यांच्या बुद्धीचें तेज ज्या कामीं प्रथम सर्वांच्या नजरेस आलें, तें काम एका जुन्या धरणाचें होतें, आणि तें धरण आपल्या महाराष्ट्रांत, पुण्याजवळ आहे.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म पूर्वीच्या म्हैसूर संस्थानांतील चिकबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी नांवाच्या खेड्यांत झाला. जन्मदिवस १५ सप्टेंबर. सालाविषयीं मात्र एकमत नाहीं. कोठें १८६० तर कोठें १८६१ असें लिहिलेलें आढळतें. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृताचे विद्वान होते. घरीं विद्या होती, पण द्रव्य नव्हतें. मुलगा लहान असतांनाच वडिलांचें छत्र हरपलें. आई व्यंकटलक्ष्मम्मा हिनें धीर सोडला नाहीं. गांवाकडील शिक्षण संपतांच मुलास बंगळूर येथें मामाच्या आश्रयास ठेवण्यांत आलें, आणि तेथें तो वेस्लियन मिशनच्या हायस्कुलांत शिकूं लागला. आपल्या शाळेसारख्याच एका मिशन शाळेच्या बांकावर हा मुलगा बसत होता, हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांस कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं.

पुढें बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजांत शिकत असतां त्यांनीं एका कुटुंबांतील मुलांस शिकवून आपला खर्च भागविला. सन १८८१ त ते बी. ए. झाले. त्यांची हुशारी पाहून म्हैसूर सरकारनें त्यांस शिष्यवृत्ति दिली आणि ते इंजिनियरिंगच्या अभ्यासासाठीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांत आले. हेंच कॉलेज पुढें पुण्याचें इंजिनियरिंग कॉलेज म्हणून नांवारूपास आलें. सन १८८३ त एल. सी. ई. च्या परीक्षेंत त्यांचा पहिला क्रमांक आला व त्यांस जेम्स बर्कले पारितोषिक मिळालें. ज्या बर्कले साहेबांच्या नांवें हें पारितोषिक होतें, ते मुंबईहून निघणाऱ्या जी. आय. पी. रेल्वेचे पहिले मुख्य इंजिनियर होत.

सन १८८४ त विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत असिस्टंट इंजिनियर म्हणून नोकरीस लागले. आरंभीं नाशिक व खानदेश या भागांत त्यांची नेमणूक झाली. खानदेशांत पांझरेच्या पात्रावरून कालव्याचें पाणी पलीकडे न्यावयाचें होतें. तें नळांतून वक्रनलिकेच्या तत्त्वानें नेण्याचें काम या नवख्या तरुणाकडे आलें आणि त्यानें तें तडीस नेलें. आरंभापासून पाणी हाच त्यांच्या आयुष्याचा विषय झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

सुमारें दहा वर्षांनीं त्यांस सिंधमधील सक्कर येथें पाठविण्यांत आलें. हें शहर आज पाकिस्तानांत आहे. सिंधु नदी शहराला लागूनच वाहते. परंतु तिचें पाणी इतकें गढूळ असे कीं, तें गाळल्यावांचून पिण्याच्या उपयोगाचें नव्हतें. पाणी गाळण्याचे मोठे हौद बांधावे तर नगरपालिकेपाशीं तेवढा पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनीं विचार केला कीं, नदीच्या तळाशीं वाळूचा थर आहेच. गाळण्याचें काम तोच करील. त्यांनीं नदीच्या पात्रांत विहीर खोदविली व वाळूंतून पाझरून आलेलें स्वच्छ पाणी वर चढविण्याची व्यवस्था केली. सन १८९५ त तें काम पुरें झालें. जें मुळांतच हाताशीं आहे त्याचा उपयोग आधीं पाहावा, नसेल तेवढेंच बाहेरून आणावें, ही त्यांची रीत येथें स्पष्ट दिसते.

आतां आपण पुण्याकडे वळूं. पुण्याहून सिंहगडाकडे जातांना वाटेंत खडकवासल्याचें धरण लागतें. मुठा नदीवर हें दगडी धरण इंग्रज सरकारनें १८६९ नंतरच्या दहा वर्षांत बांधविलें, आणि ज्या फाइफ साहेबांनीं तें योजिलें त्यांच्या नांवावरून त्या तलावास लेक फाइफ म्हणत. पुणें शहर व लष्कर यांस त्याचें पाणी मिळे आणि कालव्यांतून शेतांसहि मिळे. परंतु वस्ती वाढली, बागाईत वाढली आणि तलाव अपुरा पडूं लागला. सन १८९९ त विश्वेश्वरय्या पुणें जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्याचे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर झाले, तेव्हां साठा वाढवावा कसा हा प्रश्न त्यांच्या पुढें होता.

साध्या माणसास सुचण्यासारखा उपाय एकच होता. धरणाची भिंत आणखी उंच करावी. पण भिंत उंच करावयाची म्हणजे ती खालपासून जाड करावी लागते, कारण पाणी जितकें खोल तितका त्याचा भिंतीवरील दाब अधिक. सर्व धरण पुन्हां बांधण्याइतकाच तो खर्च व्हावयाचा. दुसरा उपाय म्हणजे वरच्या बाजूस नवें धरण बांधणें. त्यासहि खर्च व काळ दोन्हीं लागणार होतीं.

विश्वेश्वरय्यांनीं नव्याचा विचार करण्यापूर्वीं जुन्याचें नीट निरीक्षण केलें. प्रत्येक धरणास सांडवा असतो. तलाव भरला म्हणजे जास्तीचें पाणी सांडव्यावरून निघून जातें. मोठा पूर आला म्हणजे हें पाणी सांडव्याच्या माथ्यावरून कित्येक फूट उंचीनें वाहतें. म्हणजे तितका वेळ तलावाची पातळीहि माथ्याहून तितकीच वर चढलेली असते. धरणाची भिंत ही पातळी सोसेल अशीच मुळांत बांधलेली असते. नाहीं तर पहिल्याच महापुरांत ती कोसळली असती. पण पूर ओसरला कीं पाणी पुन्हां सांडव्याच्या माथ्यापर्यंत उतरे आणि वरचा सर्व साठा नदींतून वाहून जाई. वर्षांतून कांहीं दिवस जो भार ती भिंत बिनतक्रार वाहत होती, तो भार तिनें महिनोन् महिने वाहिला तर साठा वाढणार होता. भिंतीच्या अंगीं बळ होतेंच; त्या बळाचा उपयोग मात्र कोणी करून घेत नव्हतें.

तेव्हां करावयाचें तें इतकेंच कीं, सांडव्याच्या माथ्यावर दारें बसवून पाणी अडवावयाचें. परंतु यांत एक मोठा धोका होता. पूर आला आणि दारें बंदच राहिलीं तर पाणी धरणावरून वाहूं लागेल आणि खालच्या गांवांवर प्रलय येईल. पूर कांहीं वेळ सांगून येत नाहीं. श्रावणांतल्या काळोख्या रात्रीं, धो धो पावसांत, पहारेकऱ्याचा डोळा लागला किंवा दाराचें चाक अडकलें, तर पुढें काय? मनुष्याच्या जागेपणावर सर्व शहराचे प्राण टांगून ठेवणें हें विश्वेश्वरय्यांस पटण्यासारखें नव्हतें.

म्हणून त्यांनीं आपोआप उघडणारीं व मिटणारीं दारें योजिलीं. त्यांतील तत्त्व आमच्या विज्ञानाच्या वर्गांत शिकविलें जातें तेंच आहे. लोखंडी दारें सांखळ्यांनीं कप्पीवरून वजनाशीं जोडलेलीं असत, आणि दारें व वजन यांचा तोल एकमेकांशीं जुळविलेला असे. तें वजन एका हौदांत लोंबत असे. तलावाचें पाणी ठरविलेल्या रेषेच्या खालीं असे तोंवर हौद कोरडा राही व दारें मिटलेलीं राहत. पाणी त्या रेषेवर चढलें कीं तें हौदांत शिरे. पाण्यांत बुडालेली वस्तु हलकी होते हें आपण जाणतोंच. त्यामुळें तोल बदले आणि दारें उघडून पुराचें पाणी निघून जाई. पूर ओसरला, हौद रिकामा झाला, कीं तोल पूर्ववत् होऊन दारें पुन्हां मिटत. ज्या पाण्याचें भय, तेंच पाणी आपल्या हातानें दार उघडी अशी ही योजना होती.

सन १९०३ त खडकवासल्याच्या सांडव्यावर हीं दारें बसविण्यांत आलीं. भिंतीची उंची न वाढवितां तलावांत सुमारें ८ फूट अधिक पाणी राहूं लागलें. पावसाळा संपल्यावर पुण्यास व शेतांस जें पाणी पूर्वीं मिळत नसे तें आतां मिळूं लागलें. विश्वेश्वरय्यांनीं या रचनेचें पेटंट घेतलें होतें. त्यावर त्यांस पैसा मिळूं शकला असता. परंतु आपण सरकारचे पगारी नोकर आहों, नोकरीचें काम करीत असतां ही कल्पना सुचली, तेव्हां तिच्यावर वेगळा मोबदला घेणें उचित नाहीं, असें मानून त्यांनीं तो घेतला नाहीं.

जुन्यास नवा जोड देण्याची त्यांची रीत केवळ लोखंड-दगडापुरती नव्हती. याच सुमारास पुणें भागांतील कालव्यांची व्यवस्था त्यांच्या दृष्टीस आली. कालव्याच्या तोंडाशीं ज्यांचीं शेतें, ते हवें तितकें पाणी घेत. त्यांच्या जमिनी चिबड होत व तेथें डांस आणि हिंवताप वाढे. आणि कालव्याच्या शेवटीं असलेल्या शेतकऱ्यास पाण्याची वाट पाहत बसावें लागे. कालवा वाईट नव्हता. वांटणी वाईट होती. विश्वेश्वरय्यांनीं जमिनीचे गट पाडून, ठराविक भागांत ऊंस व बाकीच्या भागांत कमी पाण्याचीं पिकें पाळीपाळीनें घ्यावीं, अशी पद्धति सुचविली. हिलाच पुढें ब्लॉक पद्धति हें नांव पडलें. आरंभीं शेतकऱ्यांनीं तिला विरोध केला. वर्षानुवर्षें मिळत आलेला हक्क जातो असें त्यांस वाटलें, आणि त्यांचें वाटणें अगदींच निराधार होतें असें म्हणवत नाहीं. विश्वेश्वरय्यांनीं गांवकऱ्यांच्या सभा घेऊन, पुन्हां पुन्हां समजूत घालून ही पद्धति निरा कालव्यावर रुजविली. लोखंडाचें दार एकदां बसविलें म्हणजे काम संपतें. माणसांची संवय बदलण्यास त्याहून कितीतरी अधिक धीर लागतो.

मुंबई सरकारच्या नोकरींत असतांनाच सन १९०६ त त्यांस एडन येथील पाणी व सांडपाणी यांची व्यवस्था सुचविण्यासाठीं पाठविण्यांत आलें. परंतु त्या काळीं खात्यांतील सर्वांत वरची जागा हिंदी मनुष्यास मिळण्याची आशा नव्हती. सुमारें चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांनीं मुंबई सरकारची रजा घेतली. इतक्यांत २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुसी नदीस भयंकर पूर येऊन हैदराबाद शहराचा मोठा भाग उध्वस्त झाला व हजारों माणसें मेलीं. निजाम सरकारनें विश्वेश्वरय्यांस बोलाविलें. वरच्या बाजूस तलाव बांधून पूर अडवावा आणि जुन्या शहरास सांडपाण्याचे नवे नळ घालावे, असा त्यांचा सल्ला होता. त्यांच्या योजनेंतून पुढें उस्मानसागर व हिमायतसागर हे दोन तलाव झाले.

सन १९०९ त ते म्हैसूर संस्थानचे मुख्य इंजिनियर झाले आणि १९१२ पासून १९१८ पर्यंत त्यांनीं तेथील दिवाणगिरी केली. कावेरी नदीवरील कृष्णराजसागर या प्रचंड धरणाचें काम सन १९११ त त्यांच्याच योजनेनें सुरू झालें, आणि खडकवासल्यास जमलेलीं आपोआप उघडणारीं दारें तेथेंहि बसविण्यांत आलीं. जुन्या धरणावर लागलेला शोध याप्रमाणें नव्या धरणाच्या कामीं आला. दिवाणगिरी सोडल्यावर तोट्यांत चाललेल्या भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तो बंद करावा असा पुष्कळांचा सल्ला होता. त्यांनीं खर्चाची व कामाची घडी नव्यानें बसविली आणि परदेशी तज्ज्ञांच्या जागीं येथील तरुण तयार केले. सन १९५५ त त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली, आणि सन १९६० त त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, ते हयात असतांनाच, भारत सरकारनें त्यांच्या नांवाचें टपाल तिकीट काढलें. असें भाग्य फार थोड्यांच्या वाट्यास येतें.

परंतु आम्हांस हें चरित्र केवळ यशाचें म्हणून लिहावयाचें नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं खडकवासल्याच्या वरच्या बाजूस आंबी नदीवर बांधलें जात असलेलें पानशेतचें मातीचें धरण फुटलें. त्याचा सर्व लोंढा खडकवासल्यावर येऊन आदळला. ज्या पुरासाठीं तो सांडवा व तीं दारें योजिलीं होतीं, त्याच्या कितीतरी पट हें पाणी होतें. जुनी भिंत फुटली आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत हाहाकार उडाला. विश्वेश्वरय्या त्या वेळीं शंभरीच्या घरांत होते व बंगळूरांत राहत होते. १४ एप्रिल १९६२ रोजीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें. खडकवासल्याचें धरण पुढें पुन्हां बांधण्यांत आलें, आणि आज पुण्यास पाणी देतें तें हें नवें बांधलेलें धरण होय.

या गोष्टीवरून कोणी म्हणेल कीं, शेवटीं सर्व व्यर्थच गेलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. सन १९०३ पासून अठ्ठावन्न पावसाळे त्या सांडव्यानें पुणेकरांस आठ फूट पाणी अधिक राखून दिलें. पण हेंहि खरें कीं, जुन्या वस्तूच्या अंगीं किती बळ आहे हें जसें मोजावें लागतें, तसेंच तिच्या बळाची मर्यादा कोठें येते हेंहि मोजावें लागतें. आणि तिच्या वरच्या अंगास नवें काय होत आहे तिकडेहि लक्ष ठेवावें लागतें. शिवाय आज घातलेला नवा भागहि उद्यां जुनाच व्हावयाचा. कृष्णराजसागराचीं जुनीं दारें अलीकडच्या वर्षांत काढून त्यांच्या जागीं नवीं बसविण्यांत आलीं, यांत विश्वेश्वरय्यांचा कांहीं अपमान झाला असें नाहीं. उलट त्यांच्याच रीतीनें त्यांचें काम पुढें चाललें. जेथें हें वेळेवर होत नाहीं तेथें काय घडतें तेंहि आपण नुकतेंच पाहिलें. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं होसपेटजवळील तुंगभद्रा धरणाच्या १९ व्या दाराची सांखळी तुटली व तें दार वाहून गेलें. तात्पुरतें दार बसवीपर्यंत शेतकऱ्यांच्या हक्काचें पाणी दिवसानुदिवस नदींतून निघून जात होतें. धरण मजबूत होतें. सांखळी थकली होती. देशांतील धरणांची नियमित तपासणी व्हावी म्हणून सन २०२१ त कायदाहि झाला आहे. परंतु कायदा अंमलांत आणण्यास प्रत्यक्ष सांखळी हातांत घेऊन पाहणारा मनुष्य लागतोच.

विद्यार्थीमित्रहो, आपल्या गांवाजवळ पूस नदीवर धरण आहे; पैनगंगेवर इसापूरचें मोठें धरण आहे. तुम्ही तेथें सहलीस जाल तेव्हां पाण्याचा विस्तार पाहून परत येऊं नका. सांडवा कोठें आहे, दारें कशीं उघडतात, त्यांस कोण तेल घालतो, हें विचारून घ्या. घरीं जुना पंप कुरकुरूं लागला, शाळेच्या जुन्या खोलींत उजेड कमी पडूं लागला, तर तो टाकून देण्याचें ठरविण्यापूर्वीं त्यांत बिघडलेला भाग कोणता व अजून धडधाकट भाग कोणता, हें शोधून काढण्याचा प्रयत्न करा. शोधाअंतीं कदाचित् सर्व नवेंच करावें लागेल. तसें झालें तरी तो निर्णय डोळस असेल.

आणि पालकांस आमची एक विनंति आहे. आपला मुलगा किंवा मुलगी एखादें बंद पडलेलें घड्याळ वा पंखा उघडून बसली तर त्यांस लगेच रागें भरूं नये. वीज मात्र आधीं बंद केली आहे ना, एवढें पाहावें. वस्तु कशी चालते हें पाहण्याची ही हौस लहानपणीं जोपासली गेली, तर आपल्या गांवचीं धरणें, पूल, विहिरी व शाळा यांची काळजी उद्यां कोण घेणार, ही चिंता आपणांस करावी लागणार नाहीं.